सहा फूट वाळवंट

इंग्लंडमध्ये वाळवंट आहे ही बातमी मला माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडून, सियाकडून कळली. येत्या रविवारी डॅडी आपल्याला ते दाखवायला नेणार आहेत, ही बातमी तिच्या सगळ्या वर्गाला माझ्या आधी कळली होती. शाळेत 'हॅबिटॅट' नावाचं प्रकरण चालू होतं. कुणाला तळं मिळालं, कुणाला जंगल, सियाला वाळवंट. बाकीची मुलं चित्रं कापून चिकटवत होती. सियानं उभं राहून शब्द देऊन टाकला, आणि तोही माझा.

"डॅडी, मिस म्हणाली आपल्या कंट्रीमध्ये डेझर्ट नाही. मी म्हटलं, आहे. केंटमध्ये. माझी बुक बरोबर आहे, मिस चूक आहे."

केंट परगण्याच्या अगदी टोकाला, समुद्राला लागून, डंजनेस म्हणून जागा आहे. झाड नाही, कुंपण नाही, नजर जाईल तिथपर्यंत नुसते गोटे. तिला वाळवंट म्हणावं की नाही यावर जाणत्यांचे मतभेद आहेत. सियाच्या वर्गात मात्र आता मतभेदाला जागा उरली नव्हती.

एरवी मी हा विषय आइस्क्रीमवर मिटवला असता. मी हीथ्रोच्या कार्गोमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. दिवसभर लोकांचे खोके चुकीच्या विमानात जाऊ नयेत हे बघतो, आणि रविवार मिळालाच तर झोपतो. पण त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी माझे वडीलही बसले होते, आणि सगळं तिथून सुरू झालं.

वडिलांचं नाव कडूबा. आम्ही त्यांना दादा म्हणतो. तेहतीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्याची जीप चालवली. आई गेल्यावर ते औरंगाबादच्या घरात एकटे पडले, म्हणून मी त्यांना इकडे लंडनला, हाउन्सलोला आणलं. व्हिसा सहा महिन्यांचा होता. दादांचा धीर तीन आठवड्यांत संपला. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसायचे आणि खिशातल्या पिवळ्या फडक्यानं खिडकीची चौकट पुसायचे. ते फडकं जीपचं. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं जीप ठेवून घेतली आणि दादांनी फडकं. चौकट पुसून झाली की म्हणायचे, "माझं तिकीट अलीकडचं पाहा बुवा. इथं मला काय काम नाही."

शेवटी मी एजंटला फोन केला. त्यानं पुढच्या आठवड्यातली एक सीट धरून ठेवली. हो की नाही ते सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. दादांनी राहावं असं मला फार वाटत होतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण आमच्या घरात असलं काही कुणी कुणाला सांगत नाही.

त्यातून आमचं एक जुनं भांडण होतं, तेही न सांगितलेलं. माझ्या लहानपणी दादा दर सुट्टीत म्हणायचे, "या वेळेस अजिंठ्याला जाऊ." घरापासून दोन तासांचा रस्ता. आई डबे भरायची, मी बूट घालून ओट्यावर बसायचो, आणि ऑफिसचा शिपाई सायकलवरून निरोप घेऊन यायचा, "जमत नाही म्हणाले. गाडीचं काम निघालंय." असं पाच वेळा झालं. मी मोजलंय. मी अजून अजिंठा पाहिलेला नाही.

तर त्या संध्याकाळी सियानं वाळवंटाची घोषणा केली आणि दादांनी ताटातून मान वर केली.

"रस्ता कसाय तिथला?"

"गोटे आहेत म्हणे, दादा."

"मंग तुझ्या त्या डबीनं जाऊ नको. पोट घासंल खाली. पिकअप पाहिजे." आणि त्यांनी माझ्या बायकोकडून, स्नेहलकडून, आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

तीन आठवड्यांत दादा सलग इतकं बोलले नव्हते, आणि अर्धी भाकरी तर त्यांनी हीथ्रोला उतरल्यापासून मागितली नव्हती. स्नेहलनं माझ्याकडे पाहिलं, मी स्नेहलकडे. पिकअप आणायचा हे तिथेच ठरलं.

इथे आमच्यासारख्या माणसाला घर मिळतं, कर्ज मिळतं, नागरिकत्वसुद्धा मिळतं. पण एका दिवसासाठी पिकअप मिळत नाही. मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्यानं विचारलं, गाडी कशाला हवी? मी खरं ते सांगितलं, वाळवंट बघायला. मग त्यानं अत्यंत सभ्यपणे सांगितलं की आमच्या गाड्या मोरोक्कोला नेता येत नाहीत. दुसऱ्यानं फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मला मनापासून शुभेच्छा दिल्या.

मग मला अजय आठवला. अजय साताऱ्याकडचा, हाउन्सलोत लोकांच्या बागा करून देतो. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला हॉलमध्ये खुर्च्या आणायच्या असल्या की पिकअप त्याचाच, मागेही सीट असलेला. त्यानं लगेच हो म्हटलं.

"घेऊन जा रे. फक्त एक काम कर. मागे एका गिऱ्हाइकाच्या घरातलं जुनं कार्पेट पडलंय, ते जाता जाता टिपवर टाक. पाच मिनिटांचं काम आहे."

टिप म्हणजे कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कचरा टाकायचा डेपो. शनिवारी सकाळी दादांना शेजारी बसवून मी ऐटीत तिथे गेलो. नारिंगी जाकिटातल्या माणसानं दारातच हात आडवा केला. पिकअप ही धंद्याची गाडी, तिला परमिट लागतं. परमिट कौन्सिलकडून मिळतं. कौन्सिल शनिवारी बंद असतं. अर्ज केला तर परमिट गाडीमालकाच्या पत्त्यावर कामाच्या दहा दिवसांत येतं. मी म्हटलं, ठीक आहे, गाडी बाहेर लावतो आणि कार्पेट खांद्यावर टाकून चालत आणतो. त्यावर तो म्हणाला की पायी माणसांना आत सोडत नाहीत, हेल्थ अँड सेफ्टी. म्हणजे चाकांवर येता येत नव्हतं आणि पायांवरही येता येत नव्हतं. कुठल्या मार्गानं यावं, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. त्यानं मला कौन्सिलच्या वेबसाइटचा पत्ता दिला.

"आपल्या खात्याचेच लोक दिसत्यात," दादा म्हणाले, आणि चक्क हसले. माझा अपमान त्यांना मानवला होता. कार्पेट गाडीतच राहिलं.

दुपारी विमा. एका दिवसाच्या विम्यासाठी फोन केला तर पलीकडे कॉल सेंटरमधला केविन नावाचा गृहस्थ. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं इंग्रजीत व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात दादा मागून ओरडले, "त्याला विचार रे, मी चालवली तं चालंल का? तेहतीस वर्षांत एक ओरखडा नाही म्हणावं!"

केविन एकदम थांबला. मग हळूच म्हणाला, "काका मराठवाड्यातले का? मी नाशिकचा. पण सर, इंग्लिशमध्येच बोला प्लीज, रेकॉर्डिंग होतंय." आणि लगेच पुन्हा केविनच्या इंग्रजीत त्यानं विचारलं की दुसऱ्या ड्रायव्हरचं वय किती. अडुसष्ट. लायसन्स? भारताचं. त्यानं बराच वेळ की-बोर्ड बडवला. बिचाऱ्यानं जीव तोडून प्रयत्न केला असावा, पण शेवटी म्हणाला, "सॉरी सर, सिस्टीम घेत नाही." शिवाय, हा विमा फक्त रस्त्यावर लागू. रस्ता सोडून गोट्यांवर, वाळूत, शेतात गाडी घातली तर कंपनीची जबाबदारी नाही.

"काय म्हणतो?" दादांनी विचारलं.

"सिस्टीम घेत नाही म्हणतो."

दादांनी खिशातून फडकं काढलं आणि ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. तेहतीस वर्षांत त्यांनी चार कार्यकारी अभियंते आणि एक मंत्री पुरातून पलीकडे नेले होते, आणि नाशिकचा एक केविन त्यांना नाही म्हणाला होता. मला सोमवार दुपारचे बारा वाजताना स्पष्ट ऐकू आले.

त्या संध्याकाळी मुरलीधरकाकांचा फोन आला. काका स्टॅनमोरला राहतात, पस्तीस वर्षांपूर्वी पुण्याहून आले, आणि या देशाविषयी त्यांना माहीत नसलेली गोष्ट अजून घडायची आहे. "डेझर्ट? आपल्याकडे? हं, असेल. पण प्रबुद्ध, डेझर्टमध्ये माणशी दहा लिटर पाणी लागतं. मी वाचलंय. आणि अ‍ॅडर साप असतात, विषारी. फुल बूट घाला. आणि पाचला निघा, सहानंतर एम ट्वेंटीफाइव्ह हायवे म्हणजे संपलं सगळं." मी म्हटलं, काका, तिथे कॅफे आहे, समोर समुद्र आहे. ते म्हणाले, "समुद्राचं पाणी पिणार आहेस का?" मी चार मोठे कॅन भरले.

हे साल दोन हजार सहा, जुलै महिना. दोन महिने पावसाचा पत्ता नव्हता, बागेला पाइप लावायची बंदी होती, आणि शेजारचा केन आमच्या गल्लीवर स्वयंस्फूर्तीनं पहारा देत होता. मी पहिला कॅन पिकअपमध्ये चढवला तेव्हा तो कुंपणाशी आला. चौथ्या कॅनला त्यानं विचारलं, हे सगळं पाणी कुठे चाललंय? वाळवंटात, मी म्हटलं. खरं बोलल्यानं इतकं संशयास्पद दिसता येतं हे मला त्या आठवड्यात दुसऱ्यांदा कळलं.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. स्नेहलनं एका दिवसासाठी बत्तीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि उकडलेली अंडी घेतली होती. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "गाडी बंद पडली तर?" आमच्याकडे प्रवासाला निघताना शुभ बोलायची पद्धत अशी आहे.

दादा चढले नाहीत. ते आधी गाडीभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक टायरला चपलेनं टोला, बॉनेटवरून एकदा फडकं, मग खाली वाकून पोटाकडे नजर. मग माझ्या शेजारी बसले आणि त्यांचा उजवा पाय तिथे नसलेल्या ब्रेकवर गेला. नव्वद मैल तो तिथेच होता. मधेमधे ते डोळे मिटून ऐकायचे.

"क्लच दाबला की ऐकू येतंय का? बेअरिंग बोलतंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी "हं" म्हणालो. सुपरवायझर झाल्यापासून मी न कळलेल्या गोष्टींना असंच "हं" म्हणतो.

डंजनेसला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. एक अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गोट्यांचं मैदान, त्यात काळ्या लाकडी झोपड्या विखुरलेल्या, एक जुनं दीपगृह आणि सगळ्याच्या मागे अणुवीज केंद्र. कुठे कुठे गोट्यांमधून जाड हिरव्या पानांचं कोबीसारखं काहीतरी उगवलं होतं. रस्त्याच्या कडेला पाटी होती की गाडी गोट्यांवर नेऊ नका, इथली झाडं दुर्मीळ आहेत.

सिया खाली उतरून बघत राहिली.

"डॅडी, कॅमल कुठे आहे?"

"इथे उंट नसतात, बेटा."

"मग हे डेझर्ट रिकामी आहे?"

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. दोन महिने अख्ख्या दक्षिण इंग्लंडनं ज्याची वाट पाहिली तो पाऊस इंग्लंडच्या एकुलत्या एक वाळवंटात, आम्ही पोचल्यावर दहाव्या मिनिटाला पडला. आम्ही चौघं गाडीत शिरलो. मागे चाळीस लिटर पाणी भिजत होतं. मी म्हटलं, जरा पुढे दीपगृहाशी लावू. निघालो, तर समोरून एक मोटार आली. रस्ता एका गाडीपुरता. मी सौजन्यानं गाडी मागे घेतली, थोडी आणखी घेतली, समोरच्यानं हात हलवून आभार मानले आणि तो निघून गेला. मग मी पहिला गियर टाकला. मागची चाकं गोट्यांत जागच्या जागी फिरली.

"रेस करू नको," दादा म्हणाले.

मी रेस केली. चाळीस वर्षांचा झालो तरी वडील बाजूला बसून सांगतात म्हटल्यावर माझा पाय आपोआप दाबला जातो. चाकं आणखी खाली गेली. पुन्हा केली. आता गाडीचं मागचं अंग गोट्यांवर टेकलं आणि पुढचे दिवे आकाशाकडे बघू लागले. मी उतरून अंतर मोजलं. डांबरापासून मागच्या चाकापर्यंत सहा फूट. आमच्या मोहिमेनं वाळवंटात मारलेली एकूण मजल एवढी होती.

विमा कंपनीला फोन लावायला मोबाइल काढला, तर त्यावर संदेश आलेला, 'फ्रान्समध्ये आपलं स्वागत आहे.' समुद्रापलीकडचं नेटवर्क पकडलं होतं. केविन नव्हता, एक बाई होत्या. आवाज तुटत होता, म्हणून मी खुलासा केला की माझा फोन फ्रान्सवर आहे. तेवढं एकच वाक्य त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. युरोपचं कव्हर आपण घेतलेलं नाही, त्या म्हणाल्या. मी ओरडून सांगितलं, मी केंटमध्ये आहे, रस्त्यापासून सहा फुटांवर! मग रस्त्यावर नाही ना, त्या म्हणाल्या, आणि फोन तुटला. पाठोपाठ मुरलीधरकाकांचा आला. पाणी पुरतंय का, हे विचारायला.

मी भिजून आत येऊन बसलो. काचेवर पाऊस वाजत होता. सिया मागे वहीत काहीतरी लिहीत होती. मी विचारलं, काय लिहितेस?

"फॅक्ट्स. डेझर्टमध्ये लोक स्टक होतात."

मला रडू यायचं बाकी होतं. एक साधा रविवार. दादांना जरा बरं वाटावं, एवढीच इच्छा. आणि उद्या बारा वाजता मी एजंटला हो म्हणणार, दादा जाणार, आणि या देशाची त्यांची शेवटची आठवण म्हणजे गोट्यांत रुतलेला मुलगा.

"तुला अजिंठ्याला न्यायचं राहिलं," दादा एकदम म्हणाले. ते समोर काचेकडे बघत होते. "पाच वेळा ठरवलं. पाची वेळेस साहेबानं गाडी काढायला लावली. एकदा तं त्याच्या मेव्हण्याचं लग्न होतं. मी निरोप धाडायचो, गाडीचं काम निघालंय. साहेबाचं वऱ्हाड वाहतोय, हे पोराला कसं सांगू?"

मला वाटायचं, मोजलेलं मला एकट्यालाच ठाऊक आहे. स्नेहलनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

काचेवर टकटक झाली. बाहेर पिवळ्या रेनकोटात एक म्हातारा उभा होता. त्याचं नाव रॉन, कोळी होता, जवळच्याच झोपडीत राहायचा. दर रविवारी एक तरी गाडी रुतते, तो म्हणाला, पण बहुतेक लोक आणखी आत जाऊन रुततात. ओढायला त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, पण तो पुतण्यानं नेला होता आणि पाचच्या आत येणार नव्हता. एवढं सांगून तो जाईना. रुतलेली गाडी सोडून जाणं कुठल्याही देशातल्या म्हाताऱ्याला जमत नसावं.

दादा खाली उतरले. पँट वर दुमडली, मागच्या चाकाशी बसले आणि ओंजळभर गोटे हातात घेऊन खाली सोडले.

"गोदावरीच्या पात्रात असंच असतं. हवा सोडावी लागंल. आन् खाली टाकायला गोणपाट पाहिजे."

"गोणपाट कुठून आणू आता, दादा?"

दादांनी पिकअपच्या मागच्या बाजूकडे नुसतं पाहिलं. तिथे अजयच्या गिऱ्हाइकाचं जुनं कार्पेट होतं. कौन्सिलनं परमिटअभावी नाकारलेलं, जांभळ्या फुलांचं, बारा फूट लांब.

माझ्या मनातून त्या नारिंगी जाकिटाविषयीचा सगळा राग निघून गेला. नियमावर बोट ठेवून बसलेल्या त्या माणसानं आम्हाला वाचवलं होतं, आणि त्याला ते कधी कळणार नव्हतं.

दादांनी काडीनं व्हॉल्व्ह दाबून दोन्ही मागच्या चाकांची हवा निम्मी सोडली. रॉन फावडं घेऊन आला. दादा मराठीत सांगत होते, रॉन इंग्रजीत उत्तर देत होता आणि दोघांचं एकदाही अडलं नाही. मी मधे दुभाषा म्हणून उभा राहिलो, तर दोघांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. चाकांपुढचे गोटे काढले, कार्पेट दोन तुकड्यांत कापून चाकांखाली सारलं. मग दादा ड्रायव्हरच्या दाराशी आले आणि थांबले.

"बस तू," ते मला म्हणाले. "मला त्यांची सिस्टीम घेत नाही."

मी विचार केला. विमा फक्त रस्त्यावर लागू. डांबरावर दादांना विमा नव्हता; पण गोट्यांवर तो मलाही नव्हता. या सहा फुटांत आम्ही दोघं अगदी समान होतो. बाबासाहेबांच्या घटनेवर वाढलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही घ्या. डांबरापर्यंत तुमची गाडी."

दादा बसले. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, फडक्यानं स्टिअरिंग पुसलं. रेस अजिबात नाही. क्लच इतका हळू सोडला की गाडी चालू आहे की नाही ते कळेना. जांभळ्या फुलांवर चाकांनी एक फेरा घेतला, कार्पेट जरा मागे सरकलं, मग पकडलं. गाडी वर आली, पुढे आली, मागची चाकं डांबरावर लागली. दादांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. सगळं मिळून एक मिनिट लागलं नसेल.

सिया नाचत होती. "आजोबा, तू बेस्ट ड्रायव्हर आहे!" रॉननं दादांच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की मी घाबरलो, पण दादांनी त्याला परत मारली. दोघांनी कार्पेटचे तुकडे उचलून, खड्डे बुजवून, गोटे होते तसे केले. चाकांच्या वाटेत एकही झाड आलं नव्हतं, हे दादांनी आधीच बघून ठेवलं होतं.

पाऊस थांबला. रॉनच्या झोपडीपुढे बसून आम्ही जेवलो. स्नेहलनं त्याला खर्ड्याबद्दल तीनदा सावध केलं. त्यानं दशमीवर चमचाभर घेतला, शांतपणे चावला आणि अजून मागितला. स्नेहलला ते जरा लागलं. परत येताना ती दोनदा म्हणाली की यंदाच्या मिरच्यांत दम नाही. रॉनच्या पंपानं चाकांत हवा भरली. सियानं वहीत रॉनच्या सांगण्यावरून समुद्री कोबी, जंगली खसखस आणि तीन प्रकारच्या पक्ष्यांची नावं लिहिली, आणि शेवटी लिहिलं की डेझर्ट रिकामी नाही.

घरी पोचल्यावर मला वाटलं, आता झोप. पण दादा खाली वाकून पत्रा बघत होते. "समुद्राचं मीठ लागलंय. लोकाची गाडी अशी देऊ नये." मग चाळीस लिटर पाणी कॅनमधून बादलीत आणि बादलीतून गाडीवर गेलं. केन कुंपणाशी आला. त्यानं बादली पाहिली, पाइप नाही हे पाहिलं, बादलीला बंदी नाही हे मनात पक्कं केलं असावं, आणि मग आतून दुसरा स्पंज घेऊन आला.

अजय गाडी न्यायला आला तेव्हा दादांनी त्याला क्लचचं सांगितलं. अजय म्हणाला, हो दादा, आवाज येतो खरा, पण गॅरेजवाला महिनाभरानंतरची तारीख देतोय. दादा वाकून पुन्हा गाडीच्या पोटाकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, दिवस तर चांगला गेला, आता उद्याचं उद्या.

सोमवारी माझी सुट्टी होती. पावणेबाराला एजंटचा फोन आला. सीट ठेवू की सोडू? मी फोन घेऊन पुढच्या खोलीत गेलो. खिडकीशी कुणी नव्हतं.

बाहेर आमच्या दाराशी अजयचा पिकअप पुन्हा येऊन उभा होता, पुढची चाकं दोन लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. अजय पाना धरून उभा, केन टॉर्च धरून उभा. गाडीखालून दादांचे मोजे आणि चपला दिसत होत्या, आणि पलीकडे कार्पेटच्या जांभळ्या फुलांची कडा. खालून सूचना येत होत्या, वर दोघं निमूट पाळत होते.

मी वाकलो. "दादा, एजंट लाइनवर आहे. तुमच्या तिकिटाचं काय सांगू?"

खालून एक नट घरंगळत बाहेर आला.

"त्याला म्हणावं, जमत नाही. गाडीचं काम निघालंय."

ओट्यावर बूट घालून बसलेल्या पोरानं हे वाक्य पाच वेळा ऐकलं होतं. आज सहाव्यांदा ऐकलं. मी एजंटला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि फोन ठेवला. मग गाडीखालून एक काळा झालेला हात बाहेर आला, आणि मी बॉनेटवरचं पिवळं फडकं उचलून त्या हातात दिलं.